आकड्यांची खाण आणि वायूची वीज

खाण हा शब्द राजुरा तालुक्याला परका नाही. सास्ती, गोवरी, पोवनी, धोपटाळा ही नावे उच्चारली की मातीचे कृत्रिम डोंगर, काळवंडलेले रस्ते आणि भरून चाललेले ट्रक डोळ्यांसमोर उभे राहतात. या खाणींनी तालुक्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय हिरावून घेतले, याचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. तथापि खाणीतून काहीतरी बाहेर निघते, एवढे मात्र निर्विवाद. कोळसा निघतो, त्यावर वीज होते, चुनखडी भाजून सिमेंट होते, आणि त्या सिमेंटचा एखादा पूल किंवा एखादी शाळा कोठेतरी उभी राहते.

गेल्या दीड दशकात जगात एका निराळ्याच खाणीचा बोलबाला झाला आहे. या खाणीतून जमिनीतले काहीही निघत नाही. उलट जमिनीतून काढलेला वायू आणि कोळसा वीज होऊन तिच्या तोंडी जातो आणि शेवटी हाती लागतो तो संगणकाच्या वहीतील एक आकडा. बिटकॉइन नावाच्या आभासी चलनाच्या या उद्योगाला 'खनन' म्हणण्याची रूढी पडली आहे. अमेरिकेत तर तेलविहिरीच्या तोंडाशीच नैसर्गिक वायूवर चालणारी जनित्रे उभी करून त्या विजेवर हे खनन करण्याची पद्धत रुजली. हे वृत्त दूर देशीचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. मर्यादित इंधनावर पहिला हक्क कोणाचा, हा जो प्रश्न त्याच्या मुळाशी आहे तो चंद्रपूर जिल्ह्याचा फार जुना प्रश्न आहे.

खननाचे अर्थशास्त्र

बिटकॉइनची सुरुवात जानेवारी २००९ मध्ये झाली. सातोशी नाकामोतो हे त्याच्या कर्त्याचे टोपणनाव, त्यामागील व्यक्ती अद्याप अज्ञात आहे. या चलनामागे कोणतीही मध्यवर्ती बँक नाही. झालेल्या व्यवहारांची नोंद एका सामायिक वहीत होते. या वहीचे नवे पान जोडण्याचा मान मिळवण्यासाठी जगभरातील यंत्रे एक आकडा शोधण्याच्या शर्यतीत उतरतात. आकडा बुद्धीने सापडत नाही. तो केवळ अंदाजामागून अंदाज करीत, सेकंदाला अब्जावधी वेळा प्रयत्न करीत शोधावा लागतो. साधारण दर दहा मिनिटांनी एक विजेता ठरतो आणि त्याला नवी नाणी मिळतात. आरंभी हे बक्षीस ५० नाण्यांचे होते. ठरावीक काळाने ते निम्मे होत जाते आणि एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ नाण्यांवर आले आहे. एकूण नाण्यांची कमाल मर्यादा २ कोटी १० लाख अशी आधीच ठरलेली आहे.

यातील मर्म पुढे आहे. यंत्रे वाढली म्हणून नाणी वाढत नाहीत. साधारण दर दोन आठवड्यांनी कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते आणि शर्यतीत कितीही यंत्रे उतरली तरी दहा मिनिटांना एक विजेता हे प्रमाण कायम राहते. सिमेंटच्या भट्टीत दुप्पट कोळसा आणि दुप्पट चुनखडी घातली तर ढोबळमानाने दुप्पट सिमेंट निघेल. येथे दुप्पट वीज ओतली तरी निघणारी नाणी तेवढीच. नव्याने आलेला खननकार जे मिळवतो ते जुन्याच्या वाट्यातून काढून घेतो. सोडतीतील बक्षिसे वाढवली नाहीत, पण तिकिटे मात्र रोज नवी छापली, तर होणारा प्रकार याहून वेगळा नसतो. प्रत्येकाच्या दृष्टीने आणखी एक तिकीट घेणे शहाणपणाचे, आणि सगळ्यांच्या दृष्टीने तो निव्वळ अपव्यय. वीज किती लागणार हे यंत्राच्या गुणवत्तेवर कमी आणि नाण्याच्या बाजारभावावर अधिक अवलंबून असते. भाव चढला की अधिक वीज जाळणे परवडते, म्हणून ती जाळली जाते.

या शर्यतीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, हा खर्च हीच त्या वहीची सुरक्षितता आहे. खोटी नोंद करू पाहणाऱ्याला तेवढीच वीज जाळावी लागते, म्हणून कोणी तसे धाडस करीत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु हाच एक मार्ग आहे असे नाही. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या आभासी चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये ही शर्यत सोडून देऊन ठेवीच्या हमीवर चालणारी पद्धत स्वीकारली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. चलन चालू राहिले आणि वीजही वाचली. तेव्हा बिटकॉइनचा वीजवापर हा तंत्रज्ञानाचा अटळ नियम नसून एका विशिष्ट रचनेची निवड आहे.

केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ मधील अहवालाने बिटकॉइन खननाचा वार्षिक वीजवापर सुमारे १३८ अब्ज युनिट धरला आहे, आणि त्यात नैसर्गिक वायूवरील विजेचा वाटा ३८ टक्के म्हणजे सर्वांत मोठा आहे. या आकड्याचा आवाका चंद्रपूरकरांना सहज उमगेल. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. हे केंद्र क्षणभरही न थांबता पूर्ण क्षमतेने वर्षभर चालले, जे प्रत्यक्षात कधीच घडत नाही, तरी सुमारे साडेपंचवीस अब्ज युनिट वीज होईल. म्हणजे अशी पाच केंद्रे अखंड राबवूनही या शर्यतीची भूक भागणार नाही.

वाया जाणारा वायू

या खननाला नैसर्गिक वायू जवळचा का वाटला, याचे उत्तर तेलविहिरींपाशी मिळते. तेलाबरोबर वायूही वर येतो. जेथे वाहिनी नाही तेथे हा वायू विकता येत नाही आणि साठवणे परवडत नाही, म्हणून तो विहिरीच्या तोंडाशीच पेटवून दिला जातो. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात असा सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू जाळण्यात आला. भारताच्या वर्षभराच्या वापराच्या हा दुपटीहून अधिक आहे. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटासारख्या राज्यांत काही कंपन्यांनी या ज्योतींपाशी जनित्रे आणि संगणकांनी भरलेल्या लोखंडी पेट्या नेऊन ठेवल्या. २०१८ मध्ये स्थापन झालेली क्रूसो ही कंपनी त्यांत अग्रणी होती, आणि एक्सॉनमोबिलसारख्या बलाढ्य तेलकंपनीनेही तिच्याबरोबर हा प्रयोग केला.

या प्रयोगाची बाजू न्याय्यपणे मांडली पाहिजे. उघड्या ज्योतीत सगळा वायू जळत नाही. वाऱ्याने ज्योत हेलकावते, विझते आणि न जळलेला मिथेन हवेत जातो. वीस वर्षांच्या कालखंडात मिथेनची तापवर्धक शक्ती कर्बवायूच्या ऐंशीपट असते. जनित्रात ज्वलन अधिक पूर्ण होते. म्हणून जो वायू एरवी व्यर्थच जळणार होता त्यावर जनित्र चालवणे हे ज्योतीपेक्षा बरे, यात शंका नाही.

पण ज्योतीपेक्षा बरे म्हणजे सर्वांत बरे नव्हे. अर्थशास्त्रात ज्याला संधी-परिव्यय म्हणतात त्याची कसोटी हीच की, हे साधन येथे वापरल्यामुळे दुसरीकडील कोणत्या उत्तम उपयोगाचा त्याग करावा लागला? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या कृतीने दिलेले आहे.

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात 'सागर सम्राट'ने तेल शोधले आणि १९७६ मध्ये मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. तेथेही तेलाबरोबर वायू आला आणि सोय नव्हती तोवर त्याच्याही ज्योती समुद्रावर पेटत राहिल्या. मग काय घडले? समुद्रतळातून वाहिनी उरणला आली. राज्य वीज मंडळाने १९८२ पासून उरणला वायूवरील जनित्रे चालू केली. थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना उभा राहिला. स्वयंपाकाचा वायू निराळा काढला जाऊ लागला. १९८४ मध्ये गेल ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली आणि हजिरा-विजयपूर-जगदीशपूर या प्रचंड वाहिनीने पश्चिम किनाऱ्याचा वायू उत्तर भारतातील खत कारखान्यांपर्यंत पोचवला. पुढे १९९० च्या दशकात उरणच्या जनित्रांतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफेचे दोन संच बसवण्यात आले. वायूचा एक घनमीटरही अधिक न जाळता २४० मेगावॉट क्षमता वाढली आणि केंद्र ६७२ मेगावॉटचे झाले. तेवढ्याच वायूत अधिक वीज, हे उरणचे गणित. कितीही अधिक विजेत तेवढीच नाणी, हे खननाचे गणित. दोहोंतील अंतर सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

ओसाड केंद्रांचा मोह

वाया जाणाऱ्या वायूवर सुरू झालेली ही कल्पना तेवढ्यावर थांबली नाही, हे अधिक चिंतेचे आहे. न्यूयॉर्क राज्यात सेनेका सरोवराच्या काठी ग्रीनिज नावाचे कोळशावरील जुने वीजकेंद्र २०११ मध्ये बंद पडले होते. नव्या मालकांनी ते वायूवर आणून २०१७ मध्ये पुन्हा चालू केले आणि २०२० पासून तेथील वीज मुख्यत्वे बिटकॉइनच्या खननाकडे वळवली. येथे वाया जाणारा वायू नव्हता. वाहिनीतून येणारा, विकाऊ, घराघरांत वापरता येण्याजोगा वायू होता. सरोवराकाठच्या रहिवाशांनी धुराविषयी आणि सरोवरात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याविषयी आवाज उठवला. राज्याने जून २०२२ मध्ये केंद्राचा हवाविषयक परवाना नाकारला, त्यावरून न्यायालयीन वाद पेटला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याने अशा नव्या केंद्रांवर दोन वर्षांची स्थगिती आणली.

महाराष्ट्राच्या वाचकाला येथे दाभोळ आठवल्यावाचून राहणार नाही. १९९२ मध्ये एन्रॉनशी प्राथमिक करार झाला, १९९५ मध्ये तो रद्द झाला, १९९६ मध्ये नव्या रूपात आला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती घेणे थांबवले, आणि त्याच वर्षअखेर एन्रॉन दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये सार्वजनिक कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी निघाली, केंद्र पुन्हा चालू झाले. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू अपेक्षेप्रमाणे आला नाही आणि केंद्राला पुन्हा घरघर लागली. १९६७ मेगावॉटचे हे केंद्र वर्षानुवर्षे आपल्या क्षमतेच्या सावलीत जगत आले. देशात वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रांची एकूण क्षमता वीस हजार मेगावॉटहून अधिक आहे आणि त्यातील फार मोठा भाग बहुतेक काळ निष्क्रिय असतो. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा परदेशातून द्रवरूपात आणावा लागतो आणि त्या भावात वीज परवडत नाही.

अशी ओसाड केंद्रे पाहून उद्या कोणी म्हणेल की, यंत्रे गंजण्यापेक्षा खननासाठी भाड्याने द्या, वीज मंडळाला तोशीस नाही आणि कर्जाचे हप्ते तरी फिटतील. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. परंतु आयात वायूसाठी मोजलेले परकीय चलन देशाचे असते. तोच वायू खत कारखान्याला आणि घरगुती वाहिनीला हवा असतो. मागणी वाढली की भाव सगळ्यांनाच चढतो. राजुऱ्याच्या कापूस-सोयाबीन उत्पादकाला जो युरिया लागतो तो याच वायूपासून बनतो, ही गोष्ट अशा सौद्याच्या कागदावर कोठेच दिसत नाही.

जगाचा अनुभव

स्वस्त इंधनाचा वास लागला की हा उद्योग किती वेगाने स्थलांतर करतो याची उदाहरणे अलीकडची आहेत. चीनने २०२१ मध्ये खननावर बंदी घातली. यंत्रे शेजारच्या कझाकस्तानात गेली आणि तेथे विजेचा इतका तुटवडा झाला की खननकारांचा पुरवठा तोडावा लागला. इराणने विपुल आणि सवलतीच्या वायूच्या भरवशावर २०१९ मध्ये खननाला मान्यता दिली. मे २०२१ मध्ये शहरे अंधारात बुडू लागल्यावर चार महिन्यांची बंदी घालण्याची पाळी त्याच सरकारवर आली. वायूच्या साठ्यांत जगात अग्रेसर असलेल्या देशाची ही गत.

टेक्सासची कथा आणखी बोलकी आहे. खननाची यंत्रे क्षणात बंद करता येतात, म्हणून विजेची ओढाताण असेल तेव्हा ती थांबवून जाळ्याचा तोल सांभाळता येतो, असे सांगितले जाते. ऑगस्ट २०२३ च्या कडक उन्हाळ्यात रायट या कंपनीने तेच केले आणि त्याबद्दल तिला ३ कोटी १७ लाख डॉलरच्या सवलती मिळाल्या. वीज वापरल्याचा नफा आणि न वापरल्याचाही नफा! सामान्य ग्राहक मात्र उकाड्यात पंखा बंद करतो तेव्हा त्याला कोणी बक्षीस देत नाही.

आपल्याकडील स्थिती

भारतात या उद्योगाची मोठी वाढ झाली नाही, याचे श्रेय नियोजनबद्ध ऊर्जाधोरणाला देता येत नाही. ते करकायद्याकडे जाते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये तो रद्द ठरवला. मग २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर बसवला आणि खननाच्या यंत्रणेवरील खर्च संपादनमूल्यात धरला जाणार नाही, असे सरकारने संसदेत स्पष्ट केले. खर्च वजा न करता कर भरून हा धंदा उघडपणे करणे कठीण आहे. पण करांचे दर बदलतात, आणि त्यांच्या आडोशाने टाळलेला प्रश्न सुटलेला नसतो.

खननाच्या नावाचा दुसरा उपयोगही महाराष्ट्राने पाहिला. गेनबिटकॉइन या योजनेत गुंतवणूकदारांना दूरवरच्या खननातून दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवल्याचा आरोप झाला. २०१८ मध्ये पुणे पोलिसांत गुन्हे नोंदले गेले आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. कोळशाच्या खाणीवर जाऊन कोळसा पाहता येतो. आकड्यांची खाण गुंतवणूकदाराने पाहिलेली नसते, आणि फसवणुकीला तेवढा अवकाश पुरतो.

दिव्याखालचा काळोख

आता राजुऱ्याकडे वळू. चंद्रपूरचा पहिला वीजसंच १९८० च्या दशकाच्या आरंभी चालू झाला. येथील वीज पश्चिमेला नेण्यासाठी चंद्रपूर ते पडघे अशी ७५२ किलोमीटरची, १५०० मेगावॉट वाहून नेणारी उच्चदाब एकदिश वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. कोळसा येथला, पाणी येथले, राख येथली, आणि प्रकाश साडेसातशे किलोमीटरवर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे आले होते. या गुणांचे मोल वीजबिलात कोठे छापलेले नसते.

आणि याच जिल्ह्यातील शेतकरी वर्षानुवर्षे कृषिपंपासाठी आलटून पालटून येणाऱ्या दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळीवर जगत आला. रात्री ओलितासाठी शेतात जायचे म्हणजे काय, हे जंगलाकाठच्या गावांना सांगावे लागत नाही. राजुरा परिसरात आठ जणांचा बळी घेणारा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये पिंजऱ्यात आला, तोवर कित्येक महिने शेतावर जाणे हेच धाडस झाले होते. २०२४ पासून राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत केली आणि सौर योजनांतून दिवसा वीज देण्याचे धोरण आखले. ते स्वागतार्हच आहे. पण शेतकऱ्याची मूळ मागणी वीज फुकट मिळावी ही नव्हती. ती दिवसा मिळावी, ही होती.

एक तुलना करून पाहावी. खननाच्या एका अद्ययावत यंत्राला सुमारे साडेतीन किलोवॉट वीज लागते. पाच अश्वशक्तीच्या कृषिपंपाला साधारण तेवढीच लागते. पंप आठ तास चालला तर एक शेत भिजते. यंत्र चोवीस तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालते आणि दिवसाला ८४ युनिट वीज खाते. ही वीज वायूच्या जनित्रातून घेतली तर एका दिवसात जळणारा वायू घरगुती सिलिंडरातील १४.२ किलो इंधनाहून अधिक उष्णतेचा असतो. एका कुटुंबाचा महिन्याचा स्वयंपाक एका बाजूला, एका यंत्राचा एक दिवस दुसऱ्या बाजूला. अशी यंत्रे एका पेटीत शेकड्यांनी असतात.

बाजार या दोघांत निवड करतो ती पैसे मोजण्याच्या ऐपतीवरून. गरजेचे माप त्याच्याकडे नाही. म्हणूनच वीज आणि वायू यांचे वाटप केवळ बोलीवर सोडता येत नाही. देशांतर्गत वायूच्या वाटपात प्राधान्यक्रम ठरवण्याची पद्धत भारताने आजवर ठेवली ती याच जाणिवेने. मुंबई-नागपूर-झारसुगुडा वायुवाहिनीचे काम गेलने हाती घेतल्यामुळे विदर्भातही हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही.

आभासी चलनाचा बहर उद्या ओसरेल, असे कोणी म्हणेल. ओसरेलही. पण क्रूसो कंपनीने २०२५ मध्ये आपला खननाचा धंदा विकला आणि त्याच अनुभवाच्या जोरावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांकडे मोर्चा वळवला, हे लक्षात घेतले पाहिजे. पेटीतील माल बदलला, इंधनाची भूक तीच राहिली. देशातील अशा संगणककेंद्रांचा सर्वांत मोठा भाग मुंबई-नवी मुंबईत आहे. ही केंद्रे बँकांची, रेल्वेच्या आरक्षणाची, शिक्षणाची कामे करतात, त्यांची गणना आकड्यांच्या शर्यतीत करणे अन्यायाचे होईल. तरीही त्यांच्या विजेचा धूर कोणाच्या अंगणात उतरतो, हा प्रश्न त्यांनाही विचारलाच पाहिजे.

वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी असते तेव्हा वीज किती महाग, यावर तासन्‌तास युक्तिवाद होतात. वीज कशासाठी, हा प्रश्न तेथे क्वचितच निघतो. नव्या मोठ्या ग्राहकाला जोडणी देण्यापूर्वी, किंवा स्वतःचे वायूजनित्र उभारण्याची त्याला परवानगी देण्यापूर्वी, त्याच्या वापरातून समाजाचे एकूण उत्पादन वाढते की केवळ वाटणी बदलते, हे तपासण्याची तरतूद कायद्यात असावयास हवी. वायू खरोखरच वाया जात असेल आणि दुसरा कोणताही मार्ग नसेल, तर जनित्र लावावे. वाहिनीतला वायू मात्र आधी चुलीला, खताला आणि सार्वजनिक विजेला. त्यानंतर उरले तर शर्यतीला. ज्या जिल्ह्याने चाळीस वर्षे राज्याचे दिवे लावले, त्याला निदान एवढे विचारण्याचा अधिकार पोचतो.